तुरळक ठिकाणी

चार वाजून दहा मिनिटांनी दादांचा फोन थरथरला,
खुंटीवरच्या पिशवीत.
मी वाचून दाखवला, कारण दादांच्या चष्म्याची दांडी मोडलेली:
पुढील तीन तासांत सातारा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी
मेघगर्जनेसह वादळी वारे.
घराबाहेर पडणे टाळा.

आई ज्वारी निवडत होती. म्हणाली,
हे तुरळक कुठं आलं गं? पाटणकडं का?

वनकुसवड्याच्या पठारावर आमचं घर म्हणजे
कंपनीनं दिलेली खोली.
वर बारा पत्रे, पत्र्यांवर एकवीस दगड,
मी सुट्टीत मोजलेले.
आणि मागे सदतीस नंबरची पवनचक्की,
जिची सावली अंगणातून, भांड्यांवरून,
आईच्या पाठीवरून
जाते, येते, जाते.
तिच्या आवाजावर आम्ही झोपतो.
पाव्हण्यांना झोप लागत नाही.

साडेचारला ती थांबली.
मग पलीकडची. मग सगळ्याच,
पाती वळवून, वाऱ्यापासून अंग चोरून उभ्या.
तेव्हा मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.
ते वाजतं, हेच माहीत नव्हतं.

कोयनेकडचं आभाळ
छडीच्या जुन्या वळासारखं निळंजांभळं,
आणि त्यातून एक सोंड.
वावटळी आम्ही रोज बघतो,
पाचोळा घेऊन जमिनीवरून वर जाणाऱ्या, पोरकट.
ही वरून खाली येत होती.

दादा काही बोलले नाहीत. किल्ली घेतली.
घराबाहेर पडणे टाळा, मी परत वाचलं.
दादा म्हणाले, घराला इचारून बघ.

पवनचक्कीच्या दारावर कवटी आहे, दोन हाडं,
आणि खाली: अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही.
आईनं पप्याला पदरानं पोटाशी बांधलं होतं.
ती पाटीसमोर थबकली, देवळासमोर थबकावं तशी.
आत व्हा, दादा म्हणाले. मी अधिकृत हाय.
मागून झोरेमामा आले, मामी आल्या,
घोंगडीत दोन दिवसांचं करडू.

हात बगलेत घाला. कुठंच लावू नका.
म्हणून आम्ही सगळे, ऐन मे महिन्यात,
थंडी वाजल्यासारखे उभे.
वर शिडी, अंधारात गेलेली,
सत्तर मीटर पोकळ काळोख.
बाहेरून कुणी त्या लोखंडाला तोंड लावून
फुंकत होतं.
तळव्यांतून, पोटऱ्यांतून, दातांतून
पवनचक्की हलत होती.
मग गारा. मग गारांपलीकडचं काहीतरी,
त्याला मला अजून शब्द नाही,
एसटी डोक्यावरून जावी तसं.
पप्या रडायचा थांबला, त्याचीच जास्त भीती वाटली.
करडू कंपनीच्या बुटांत मुतलं,
दादांच्या पायांसकट,
आणि दादा हलले नाहीत.
आई एकदाच बोलली:
ज्वारी उघडीच ऱ्हायली.

दार उघडलं तेव्हा ऊन होतं, निर्लज्ज, पिवळं.
बारातले सात पत्रे नव्हते.
एक झोऱ्यांच्या नाचणीच्या रानात सापडला,
शंकरपाळी दुमडल्यासारखा.
दगड नऊच मिळाले. बाकीचे कुठं गेले
ते मी अजून पठारावर चालताना बघते.
घड्याळ भिंतीवर होतं, ओलं, चालू.
ज्वारीवर चंडोल उतरले होते, त्यांना आईनं हाकललं नाही.
ती छपराच्या भगदाडाकडे बघत होती.
म्हणाली, तुरळक म्हंजे आपण व्हय.

चार दिवसांनी ऑफिसातून कागद आला.
सदतीस नंबरचं दार
चार त्रेचाळीस ते पाच सत्तावीस,
कुणाच्या परवानगीनं? आत कोण? कारण लिहा.
रकाना बोटभर.
चष्मा अजून तसाच, म्हणून पेन माझ्याकडे.
मी दादांना विचारलं, काय लिहू?
ते पत्र्याला भोक पाडत होते, तोंडात तारेचा तुकडा.
त्यांनी नुसती मान वर केली.
मागे पाती फिरत होती.

मी लिहिलं: वारा.
दादांनी खाली सही केली,
रेघेच्या जरा बाहेर.